गाळलेल्या पाण्याचा उजेड

राजमतीनं ज्या दिवशी पहिल्यांदा माणसाच्या रक्ताची नळी हातात धरली, त्या दिवशी कारंज्यातल्या जैन गल्लीतल्या अर्ध्या बायकांनी तिच्या आईशी, जतनबाईंशी, बोलणं सोडलं, आणि उरलेल्या अर्ध्या मुद्दाम बोलायला आल्या. कुणी जास्त ताप दिला, हे जतनबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ज्या घरात कांदा चढत नाही, सूर्य मावळल्यावर ताट वाढलं जात नाही, त्या घरची तेवीस वर्षांची पोरगी दिवसभर रक्त ढवळत बसते म्हणजे काय? बरं, पोरगी बी.एस्सी. झालेली, रसायनशास्त्रात पहिली आलेली. म्हणजे शिंगं आधीच फुटली होती, डिग्रीनं त्यांना फक्त पॉलिश केलं.

"मुंगी वाचवाले आपन पानी गाळतो," राजमती म्हणाली होती. "मंग मानूस काहून मरून राह्यला, हे पाह्याले कायची अडचन हाये?"

उत्तर नसलं की माणसं आवाज चढवतात, तसा गल्लीनं चढवला आणि आठ दिवसांनी तो आपोआप उतरला.

तिचे वडील पदमचंद त्यात पडले नाहीत. त्यांच्याजवळ स्वतःचीच एक दुखरी जागा होती. बाजारात त्यांचं बी-बियाणं, पेंड, दोरदोरखंड यांचं जुनं दुकान. चार-पाच वर्षांपासून त्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायची दवाई आली होती. मोठ्या डब्यातून लहान बाटल्यांत ओतून द्यायची, कारण लहान कास्तकाराला अख्खा डबा काय करायचा? किडे मारायचं औषध जैनाच्या दुकानात, यावर घरात पुष्कळ वाद झाला. शेवटी पदमचंदांनी तोडगा काढला. "आपन इकतो, मारत नाई," ते म्हणाले. राजमती तेव्हा हसली होती, आणि ते हसणं त्यांना अजून बोचत होतं.

तर साल सत्याहत्तर, महिना भादवा. नागपूरकडच्या कुठल्याशा कॉलेजातले डॉक्टर इंगोले एक उसनं यंत्र घेऊन कारंज्यात आले. बाजारामागच्या एका धर्मशाळेची धान्य ठेवायची खोली त्यांना मिळाली. खिडकीला काळं कापड ठोकलं, आत टेबल टाकलं, बर्फाची पेटी आली, आणि मदतीला राजमती. यंत्राचं नाव फ्लुओरोमीटर, पण ते उच्चारायला गावाजवळ वेळ नव्हता. गाव त्याला उजेडाची पेटी म्हणे.

ही खोली मिळाली मारोतरावांच्या शब्दावर. मारोतराव म्हणजे मंगरूळपीरच्या रस्त्यावर ज्यांची पऱ्हाटी नजर जाईल तिथपर्यंत, ते. त्यांना विज्ञानाचा पुळका आलेला नव्हता. त्यांना दवाई निर्दोष असल्याचा एक कागद हवा होता. श्रावणात त्यांच्या वावरात फवारता फवारता तांड्यावरचा मजूर हरिसिंग तोंडाला फेस येऊन पडला आणि बैलबंडीत घालून आणता आणता वाटेतच गेला. "मोहाची दारू पेला असन," मारोतराव म्हणाले. तांडा गप्प बसला, पण त्याची बायको गोमतीबाई गप्प बसेना. दर आठवडी बाजारात, भर गर्दीत उभं राहून ती एकच वाक्य बोलायची, "माह्या मानसानं थेंब घेतला नव्हता." लोक ऐकायचे, मान खाली घालायचे, भेंडी घ्यायचे. एका बाईचं एक वाक्य मारोतरावांना जड होऊन बसलं होतं.

हरिसिंगासोबत फवारणारे तांड्यावरचे बारा जण रक्त द्यायला आले, त्यात गोमतीबाईही होती. गोमतीबाईनं बांगड्या वर सारल्या आणि सुईकडे न बघता राजमतीकडे बघितलं.

"याच्यातून काय निंघन, ते समजावून सांग. मले अडानी समजू नको."

राजमतीला ती तिथंच आवडली. "पाहा बाई," ती म्हणाली, "तुमच्या रक्तात एक कामकरी अस्ते. त्याचं नाव एन्झाइम. मी नळीत एक बांधलेलं गठोडं टाकतो. कामकरी धडधाकट असला तर तो गठोडं सोडते, अन् त्याच्यातून उजेड निंघते. साध्या डोयानं नाई दिसत, पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली दिसते. फवाऱ्याची दवाई अंगात गेली तर त्या कामकऱ्याचे हात बांधून टाकते. मंग गठोडं सुटत नाई. अंधार राह्यते."

"म्हंजे माह्या मानसाचे हात कोनं बांधले, ते समजन?"

"त्याचं रक्त आता आपल्याजवळ नाई. पन तुमच्या बारा जनाचं पाहून समजन."

"जे निंघन ते साऱ्याइच्या समोर सांगायचं."

"सांगन," राजमती म्हणाली. शब्द देऊन बसली. शब्द द्यायला काय, जीभ आपली असते.

दोन दिवसांनी निकाल लागला. बाराच्या बारा जण ठणठणीत. सत्तर, एकाहत्तर, सत्तर, बहात्तर. राजमतीनं पहिल्या दिवशी यंत्र तपासायला स्वतःचं रक्त घातलं होतं, ते सत्तर आलं होतं. म्हणजे तांड्याचं रक्त आणि शेठजीच्या लेकीचं रक्त सारखंच जिवंत. डॉक्टर इंगोल्यांनी खुशीत सही ठोकली. मारोतराव तो कागद जीपमध्ये घालून तांड्यावर घेऊन गेले, मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "गुरुवारी दुसरा फवारा. सारे जन या. आता तं दवाईचं भेव नाई ना?"

सोमवारी दुपारी गोमतीबाई धर्मशाळेच्या दारात उभी राहिली. रडत नव्हती, भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुह्या हाती रक्त देल्लं," ती म्हणाली. "तांडा आता मले खोटी म्हनते. माह्या मानसाले दारुड्या म्हनते. गुरुवारी पंप घेऊन मलेबी जा लागते, घरी दोन लेकरं हायेत. पन सकाळी उठलो का उलटी होते, डोयातून पानी थांबत नाई, हात पाय." तिनं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "मी जाऊ का नको? तुह्या पेटीले इचारून सांग."

राजमती तिला आत खोलीत घेऊन आली. आत काळं कापड, जवळजवळ अंधार. अंधारात कुणाच्याही डोळ्याची बाहुली मोठी होते, मांजराची होते तशी. गोमतीबाईची झाली नव्हती. मोहरीच्या दाण्याएवढी होती, तेवढीच राहिली. राजमतीनं कंदील वर केला, खाली केला. मोहरी ती मोहरीच. आणि ही विषाची खूण तिनं पुस्तकात वाचलेली होती, त्या दवाईच्या डब्यावरच्या कवटीइतकीच स्पष्ट. कागद म्हणत होता रक्त ठीक आहे, डोळा म्हणत होता कागद खोटा आहे.

"उद्या या," ती म्हणाली. "तोपर्यंत दवाईच्या जवळ जाऊ नका."

गोमतीबाई गेली. राजमतीनं दार लावलं, आकड्यांची वही उघडली आणि पहिल्यांदा नीट बघितली. सत्तर, एकाहत्तर, सत्तर, बहात्तर. बारा माणसं, त्यात म्हातारे, तरणे, एक लेकुरवाळी, आणि आकडा जवळपास एकच? एका आईच्या दोन लेकरांची उंची सारखी नसते, आणि बारा जणांचं रक्त एका मापाचं? हे तिला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण सगळे ठणठणीत आहेत हे ऐकायला तिलाही गोड वाटलं होतं. दवाई शेवटी कुणाच्या दुकानातली होती?

तिनं यंत्र सुरू केलं. दिवा तापायला वेळ लागतो. तेवढ्यात काच पुसावी म्हणून तिनं पेटीचं झाकण उघडलं, आणि जांभळ्या दिव्याची तिरीप बाजूच्या भिंतीवर पडली. भिंतीवर खिळा होता. खिळ्याला तिचं पाणी गाळायचं कापडी गाळणं टांगलेलं होतं. ते गाळणं पेटलं. धूर नाही, ज्वाळा नाही, नुसतं निळंपांढरं, अंधारात लखलखीत, जणू कुणी चांदणं घडी करून टांगलं होतं.

राजमती बघत राहिली. मग तिनं झाकण मिटून पाहिलं, गाळणं विझलं; उघडलं, पुन्हा पेटलं.

आता हे गाळणं तिथं कसं आलं, ते सांगायला हवं. तपासणीला डिस्टिल्ड पाणी लागतं. नागपूरहून आलेला बुधला पहिल्या दोन दिवसांतच संपला. मग डॉक्टरांनी तांबटाकडून एक भांडं करून घेतलं, त्यात पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, थेंब थेंब धरायचं. ते पाणी शुद्धच असतं. त्यात जीव कुठून राहणार? पण राजमतीचा हात तिच्या डोक्याचं ऐकत नव्हता. चार वर्षांची असल्यापासून तिनं एक घोटही पाणी न गाळता घेतलं नव्हतं. दुहेरी कापड, वरून सावकाश धार, आणि कापडात अडकलेले जीव परत विहिरीत सोडून यायचे. बी.एस्सी.ला असतानासुद्धा ती वसतिगृहात गाळणं घेऊन गेली होती, पोरी हसायच्या. तसंच तिनं डिस्टिल्ड पाणीही गाळलं. कुणी विचारलं असतं तर तिला आठवलंही नसतं. श्वास घेतला का, असं विचारण्यासारखं ते झालं असतं.

आणि हे गाळणं? पर्युषण जवळ आलं होतं. पदमचंदांच्या दुकानात कपडे पांढरेशुभ्र करायची नवी पावडर आली होती. जतनबाईंनी पर्वासाठी घरातलं पांढरं म्हणून जे होतं ते सगळं त्यात बुडवून काढलं. धोतरं, लुगडी, पूजेची वस्त्रं, गाळणी. आता ही पावडर मळ काढत नाही. उन्हात जो जांभळ्यापलीकडचा न दिसणारा उजेड असतो, तो खाऊन ती निळा उजेड बाहेर टाकते, म्हणून कापड डोळ्याला पांढरं दिसतं. राजमतीनं गाळलेल्या प्रत्येक थेंबात ती पावडर उतरली होती. बारा नळ्यांत जो उजेड काटा वर नेत होता, तो तांड्याच्या रक्ताचा नव्हताच. जतनबाईंच्या धुण्याचा होता, आणि त्यात रक्तारक्तातला फरक बुडून गेला होता.

मग तुलनेला ठेवलेली, रक्त न घातलेली नळी का चमकली नाही? कारण ती पहिल्या दिवशी नागपूरच्या पाण्यानं भरली होती आणि मेण लावून बंद केली होती. रोज तिच्यावरच काटा शून्यावर आणायचा. आणि डॉक्टर तरी काय करत होते? नळ्या पुष्कळ, वेळ थोडा, म्हणून दहाव्या मिनिटाला एकदाच काटा वाचायचा आणि पुढची नळी घ्यायची. आत उजेड किती आहे हे ते वाचत होते. एन्झाइम मोजायचं म्हणजे तो उजेड कोणत्या वेगानं वाढतो हे पाहायचं असतं. शून्य मिनिटाला कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर रक्त पडायच्या आधीच नळी उजळलेली दिसली असती.

राजमतीनं स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथं सांगत नाही. जैनाच्या पोरीला एवढ्या शिव्या येतात हे गल्लीला कळायला नको.

मग ती उठली. इंजेक्शनसाठी आलेल्या पाण्याच्या काचेच्या बंद कुप्या होत्या, त्या तिनं एकामागून एक फोडल्या. नव्या नळ्या घेतल्या. बर्फात ठेवलेलं सिरम काढलं. रक्त थिजल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं, ते सिरम. प्रत्येक नळीचा काटा दर मिनिटाला वाचला. तिचं स्वतःचं सिरम मिनिटामिनिटाला चढत सत्तरवर गेलं. मग तांड्याचं घेतलं. अठरा. चौदा. वीस. अकरा. गोमतीबाईचं दहा मिनिटांत सहावर अडकलं आणि तिथून हललं नाही. हलेल म्हणून राजमती आणखी दहा मिनिटं बसून राहिली. काटा मेलेला होता.

मंगळवारी सकाळी तिनं वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर इंगोले वाईट माणूस नव्हता. सगळ्यांशी चांगला होता, तीच त्याची अडचण होती. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण अहवाल गेला ना बाहेर. आता असं करू, मी कॉलेजात गेल्यावर सुधारित अहवाल पाठवतो. पंधरा दिवसांत. इथं कशाला बोभाटा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"फवारा गुरुवारी हाये, साहेब."

"मारोतरावांना मी खासगीत सांगतो, जरा जपून करा म्हणून. हे बघ, उद्या ही खोली गेली तर पुढची सगळी पाहणी बंद. आणि चूक कोणाची निघेल? पाणी तू गाळलंस. तुझं नाव खराब होईल, राजमती. लग्नाची मुलगी तू."

"नाव माहं हाये," राजमती म्हणाली. "खराब झालं तं मी धुईन. त्या पावडरनं नाई धुनार, एवढंच."

संध्याकाळी, ऊन असतानाच, घरी पानं मांडली होती. पदमचंद जेवत नव्हते, नुसते बसले होते. पर्युषण सुरू झालं होतं, दिवसातून एकदाच जेवायचं त्यांचं व्रत होतं. लेकीला वाढावं म्हणून त्यांनी वरणाची पळी उचलली आणि अर्धं वरण पाटावर सांडलं. "उपासानं हात कापते," जतनबाई म्हणाल्या आणि फडकं घेऊन पुसू लागल्या. राजमतीनं सगळं सांगितलं. गाळण्यापासून गोमतीबाईच्या मोहरीएवढ्या बाहुलीपर्यंत. जतनबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

पदमचंदांनी डोळे पुसले. त्यांचे डोळे हल्ली सारखे झिरपायचे. "दवाई आपल्या दुकानातली हाये," ते म्हणाले. "मारोतराव आपलं गिऱ्हाईक हाये. आपलेच दात अन् आपलेच ओठ, पोरी. सांगू नको."

"मी तिले शब्द देल्ला."

"तांड्यावरच्या बाईसाठी बापाले बाजारात उभं करशीन?"

"बाबा, तुमी मले पानी गाळाले शिकवलं," राजमती म्हणाली. "न दिसनारा जीव वाचवाले. अन् हे बारा जीव तं दिसून राह्यले. त्याइच्यासाठी कोनतं गाळनं लावू, ते सांगा."

पदमचंद ताटावरून उठले नाहीत, कारण त्यांच्यापुढे ताटच नव्हतं. राजमतीनं जेवण संपवलं. उपाशी राहून भांडणाऱ्यांतली ती नव्हती.

त्याच संध्याकाळी गोमतीबाई आली तेव्हा राजमतीनं तिला उद्या अख्खा तांडा घेऊन यायला सांगितलं. बुधवारी सकाळी धर्मशाळेचं आवार भरलं. मारोतरावांची जीपही आली. त्यांना सुगावा लागला होता, आणि कोंबडं झाकायचं झालं तर स्वतःच झाकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. मागून पदमचंद आले, लेकीला हाताला धरून घरी न्यायला. डॉक्टर दारात उभे होते, आत जावं की बाहेर जावं हे न ठरवता.

खोलीत दहाएक माणसं मावली. गोमतीबाई पुढे. राजमतीनं दिवा लावला, झाकण उघडलं आणि गाळणं तिरिपेत धरलं. ते लखलखलं. बाहेर दारात उभ्या माणसांच्या माना लांब झाल्या.

"हा उजेड पाहा," ती म्हणाली. "तुमच्या रक्तात आमी जो उजेड वाचला, तो हा. कपडे धुवाच्या पावडरीचा. पानी मी याच्यातून गाळलं, मले कोनं सांगतलं नव्हतं. मशीन चांगली हाये, चूक माही हाये. कागदावर जे लिहेल हाये ते खोटं हाये." मग तिनं बाराही आकडे वाचले, नावासकट. शेवटी म्हणाली, "गोमतीबाई, सहा. माहं सत्तर. बाई, तुमी जाऊ नका. कोनीच जाऊ नका. हरिसिंग दारूनं नाई मेला."

गोमतीबाईनं पदर तोंडावर दाबला. तिनं महिनाभर बाजारात उभं राहून जे सांगितलं होतं, ते पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून येत होतं. ती रडली. मागच्या अकरा जणांपैकी कुणीतरी खाली बसलं.

मारोतराव हसले. "सोमवारी पेटी म्हने ठीक हाये, बुधवारी म्हने नाई. शुक्रवारी काय म्हनन? स्वताच सांगून राह्यली का चूक हिची हाये. एका पोरीच्या चुकीपायी दवाईले नावं ठेवाची? शेठजी, तुमीच सांगा. तुमी तं रोज दवाईत बसता. तुमाले काय झालं?"

सगळ्यांच्या नजरा पदमचंदांवर गेल्या. बाजारातला जुना दुकानदार, शब्दाला वजन असलेला. ते लेकीला न्यायला आले होते. आता त्यांना एक सोपी वाट दिसली, लेकीचा हट्टही मोडेल आणि दुकानाची इज्जतही राहील. त्यांनी बाही वर सारली.

"घे माहं रक्त," ते म्हणाले. "चार वर्सं झाले, रोज डबे ओततो. उघड्या हातानं. उपासातबी ओततो. लाव तुह्या पेटीले. समजन साऱ्याइले."

राजमतीनं त्यांचा हात हातात घेतला. शीर सापडायला वेळ लागला, कारण हात कापत होता. उपासाचं कापणं. तिनं मान वर करून त्यांच्या झिरपणाऱ्या डोळ्यांकडे बघितलं, खोलीतल्या अंधारात, आणि तिथंही तिला मोहरीच दिसली. सुई मात्र तिनं सरळ घातली.

रक्त थिजून सिरम वर यायला पाऊण तास लागतो. कुणी गेलं नाही. मारोतरावांनी दोन बिड्या ओढल्या. गोमतीबाई पदमचंदांच्या समोर भिंतीला टेकून बसली, आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग राजमतीनं सिरम वेगळं करायचं हातयंत्र फिरवलं, कुपी फोडली, नळी भरली, पेटीत ठेवली. काटा शून्यावर होता. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शब्द दिला होता म्हणून.

"एक मिनिट, एक. दोन मिनिटं, दोन. तीन मिनिटं, तीन."

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की यंत्र खोटं असावं, पाणी खराब असावं, आपण पुन्हा चुकलेलो असावं. तिनं दहा मिनिटं वाचलं. मग आपली नळी ठेवून पाहिली, ती चढत चढत सत्तरवर गेली. पुन्हा वडिलांची ठेवली.

"कितीवर हाये?" पदमचंदांनी विचारलं.

"नऊ."

"अन् हिचं?"

"सहा."

पदमचंदांनी बाही खाली केली. बटण त्यांना लावता येईना, तेव्हा समोर बसलेल्या गोमतीबाईनं हात पुढे केला आणि तिनं ते लावून दिलं. तिचाही हात कापत होता, म्हणून दोघांना मिळून बराच वेळ लागला.

"जनमभर पानी गाळून पेलो," पदमचंद म्हणाले, कुणाकडेही न बघता, "अन् दवाई उघड्या हातानं ओतत राह्यलो."

मारोतराव उठले, धोतर झटकलं. "हे डाक्टरी नाटक चालू द्या. अळी थांबत नाई. उद्या पहाटे जीप येईन तांड्यावर, पंप भरून. ज्याले पोट हाये तो येईन."

"या ना, मालक," गोमतीबाई म्हणाली. ती उभी राहिली होती. बाजारात उभी राहायची तशीच. "पंप तुमीच घ्या पाठीवर. तुमचं रक्त सत्तर असन."

आवारात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अजून कुणी. मारोतरावांनी वळून बघितलं, पण एवढ्या तोंडांतून एक हसणारं तोंड कसं शोधणार? ते गेले, आणि त्यांच्यासाठी वाट द्यायला माणसं एरवी सरकायची तेवढी त्या दिवशी सरकली नाहीत.

राजमतीनं कागद घेतला. डॉक्टर आत आले आणि हळूच म्हणाले की सही मी आत्ता करू शकणार नाही, कॉलेजला विचारावं लागेल. "नका करू," ती म्हणाली. "पन या साऱ्याइच्या डोयात घालाची दवा तुमच्या डाक्टरी पेटीत हाये, अन् याच विषावरची आट्रोपीनची इंजेक्शनंबी हायेत. ते तं विचारा लागत नाई ना?" डॉक्टरांनी मान हलवली आणि मुकाट पेटी उघडली. तेवढं त्यांना जमत होतं, आणि ते त्यांनी चांगलं केलं.

तिनं लिहिलं, पहिला अहवाल चुकीचा होता, चूक माझी होती, आणि चूक कशी झाली ते. खाली बारा नावं, बारा आकडे. एक प्रत तहसील कचेरीत द्यायची, एक बाजारात चिकटवायची. खाली तिनं स्वतःची सही केली, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, कारण सही तशीच असते.

पदमचंद तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिनं कागदावर हात ठेवला.

"कितीक नावं झाले?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"तेराव्वं लिही," पदमचंद म्हणाले. "दुकानाच्या नावासकट लिही. अन् त्याच्यासमोर नऊ."